कुबरनेटीसमधील सेवाशोध

संगणकांच्या क्लस्टरवर चालणाऱ्या कंटेनरबद्ध (लागणाऱ्या साऱ्या गोष्टींसह एकत्र बांधलेल्या) अनुप्रयोगांना एकमेकांचा ठावठिकाणा लावून देणारी व्यवस्था. असे कंटेनर क्लस्टरवर चालवणारी कुबरनेटीस ही प्रणाली गूगलने जून २०१४ मध्ये मुक्तस्रोत म्हणून जाहीर केली. ‘बोर्ग’ ही गूगलची अंतर्गत प्रणाली हाताळताना आलेला अनुभव तिच्यामागे होता. १.० ही आवृत्ती जुलै २०१५ मध्ये आली.

कंटेनर चालवण्याचा भाग त्या मानाने सरळ आहे. अमुक इमेजच्या (कंटेनरच्या साच्याच्या) तीन प्रती हव्यात, एवढे यॅमल स्वरूपातल्या मजकूर-फाइलमध्ये लिहून दिले की एपीआय सर्व्हर (क्लस्टरचे प्रवेशद्वार) ती मागणी एटसीडी या साठ्यात नोंदवतो, शेड्यूलर प्रत्येक पॉडसाठी (एकत्र चालणाऱ्या एक वा अधिक कंटेनरांच्या गठ्ठ्यासाठी) नोड, म्हणजे क्लस्टरमधला संगणक, निवडतो आणि त्या नोडवरचा क्यूबलेट हा प्रोग्राम कंटेनर सुरू करतो. एखादा पॉड गेला तर त्याच्या जागी दुसरा येतो. खरी अडचण इथूनच सुरू होते, कारण नवा पॉड नवा आयपी पत्ता घेऊन येतो. कालपर्यंत ज्या पत्त्यावर बिलिंगचा पॉड उत्तर देत होता, तिथे आज कोणीच नसेल, किंवा भलताच पॉड असेल. पत्ते कॉन्फिग फाइलमध्ये लिहून ठेवण्याची जुनी सवय इथे कुचकामी ठरते.

यावरचा उपाय म्हणजे ‘सर्व्हिस’: पॉडच्या गटाला दिलेले कायमचे नाव आणि सहसा त्यासोबत एक आभासी आयपी पत्ता. गटात कोण मोडतो हे पॉडना लावलेल्या लेबलांवरून ठरते. आभासी पत्ता कोणत्याही एका यंत्राचा नसतो. प्रत्येक नोडवरचा क्यूब-प्रॉक्सी हा प्रोग्राम लिनक्स कर्नलमध्ये (कार्यप्रणालीच्या गाभ्यात), बहुधा आयपीटेबल्स या पॅकेट हाताळणाऱ्या सोयीचे, नियम लिहून ठेवतो आणि त्यांनुसार पॅकेटवरचा पत्ता बदलून गटातल्या एखाद्या पॉडचा घातला जातो. हे नियम ठरावीक पोर्टपुरते असतात. त्यामुळे त्या पत्त्याला पिंग करून (कोणत्याही पोर्टशी न जोडलेले चाचणी-पॅकेट पाठवून) सेवा जिवंत आहे का हे पाहू नये. उत्तर न येणे हा काही बिघाडाचा पुरावा नव्हे.

नावावरून पत्ता सांगण्याचे काम (डीएनएस) कोअरडीएनएस हा प्रोग्राम करतो. आवृत्ती १.१३ पासून, म्हणजे डिसेंबर २०१८ पासून, क्यूब-डीएनएसच्या जागी तोच मुख्य झाला. ‘दुकान’ या नेमस्पेसमधल्या (क्लस्टरच्या नामविभागातल्या) बिलिंग सेवेचे पूर्ण नाव ‘बिलिंग.दुकान.एसव्हीसी.क्लस्टर.लोकल’ असे होते. त्याच नेमस्पेसमधून नुसते ‘बिलिंग’ म्हटले तरी चालते. या सोयीची किंमत मात्र मोजावी लागते. पाचपेक्षा कमी टिंबे असलेल्या नावाला आधी क्लस्टरचे प्रत्यय जोडून पाहिले जातात, म्हणून बाहेरच्या साध्या संकेतस्थळासाठीही तीन-चार फुकट चौकशा होतात. डीएनएस मंद असल्याची तक्रार आली की जाणकार पहिल्यांदा हेच तपासतात. पर्यावरण चलांमधून (प्रोग्राम सुरू होताना त्याला दिल्या जाणाऱ्या मूल्यांमधून) पत्ते देण्याची पद्धतही आहे, पण त्यासाठी सर्व्हिस पॉडच्या आधी तयार असावी लागते.

पॉड ‘रेडीनेस’ (विनंत्या घेण्यास तयार आहे का, या) चाचणीत उत्तीर्ण झाला तरच तो गटाच्या यादीत येतो. यादीतून बाहेर पडणे मात्र तितके शिस्तीत होत नाही. पॉड बंद करताना त्याला सिगटर्म हा थांबण्याचा संकेत पाठवणे आणि यादीतून त्याचे नाव काढणे ही कामे समांतर चालतात. यादीतला बदल सगळ्या नोडवर पोहोचण्याआधीच अनुप्रयोग थांबला, तर काही विनंत्या वाया जातात आणि नवी आवृत्ती चढवताना दर वेळी थोड्या चुका दिसतात. थांबण्यापूर्वी काही सेकंद नुसते झोपून राहण्याची सूचना ‘प्रीस्टॉप’ या थांबण्याआधीच्या टप्प्यात लिहिणे हा प्रचलित तोडगा आहे. तो ओबडधोबड आहे खरा, पण लागू पडतो. पॉड बंद होण्यासाठीची एकूण मुदत मुळात ३० सेकंदांची असते, आणि ही झोप त्यातच धरली जाते.

क्यूब-प्रॉक्सी पॉडची निवड जोडणीगणिक करतो, विनंतीगणिक नव्हे. जीआरपीसी या सेवांमधल्या संवादपद्धतीसारख्या दीर्घकाळ टिकणाऱ्या जोडण्यांत त्यामुळे एकाच पॉडवर सगळा भार पडतो आणि वाढवलेल्या प्रती रिकाम्या बसतात. अशा वेळी ‘हेडलेस’ सर्व्हिस वापरतात: तिला आभासी पत्ता नसतो, डीएनएस थेट पॉडचे पत्ते देतो आणि निवड ग्राहक-प्रोग्रामवर सोपवली जाते. ज्यांच्या प्रत्येक प्रतीला स्वतःची ओळख लागते, त्या डेटाबेसांसाठीही हाच मार्ग धरतात.