दमास्क गुलाब

दमास्क गुलाब (रोझा डॅमॅसिना) हा तेल, अत्तर आणि गुलाबजलासाठी लावला जाणारा जुना संकर. नाव दमास्कस शहराचे असले, तरी जनुकीय तपासणीत त्याचे पूर्वज गॅलिका, मॉस्काटा आणि मध्य आशियातली फेडचेंकोआना या जाती ठरल्या. फूल फिकट गुलाबी, सुमारे ३० पाकळ्यांचे. बहर वर्षातून एकदाच, जेमतेम महिनाभर. त्यामुळे शोभेसाठी लावणाऱ्याची निराशाच होते. काझानलाक (बल्गेरिया), इस्पार्ता (तुर्कस्तान), काशान (इराण) आणि कनौज ही त्याची नावाजलेली ठिकाणे.

तोडणी पहाटे सुरू करून नऊ-दहाच्या आत उरकतात. ऊन चढले की सुवास उडतो. पोत्यात दाबलेली फुले आतून तापतात, तपकिरी पडतात, आंबूस वास मारतात. मग उतारा घटतो आणि मिथाइल युजेनॉल हे रसायन वाढते, ज्यावर युरोपात प्रसाधनांसाठी कडक मर्यादा आहे.

१ किलो तेलाला ३,००० ते ४,००० किलो फुले लागतात. ती चौपट-पाचपट पाण्यात उकळतात. नुसती वाफ सोडली तर पाकळ्यांचा गोळा होतो आणि वाफ बाजूने निसटते. खरी अडचण पुढे आहे. फुलाच्या वासातला मोठा वाटेकरी, फिनाइल इथाइल अल्कोहोल, पाण्यात विरघळतो. म्हणून वाफ थंड होऊन उतरलेले पाणी पुन्हा उकळतात आणि बहुतेक तेल या दुसऱ्या फेरीतच हाती येते. तरीही तो घटक तेलात थोडाच येतो. हेक्झेन या द्रावकाने काढलेल्या अर्कात, म्हणजे ॲब्सोल्यूटमध्ये, मात्र तो निम्म्याहून जास्त असतो, म्हणून त्याचा वास ताज्या फुलाच्या जवळ जातो. कनौजच्या पद्धतीत तांब्याच्या देगेतली (उकळण्याच्या भांड्यातली) वाफ चंदनतेल भरलेल्या भपक्यात, म्हणजे वाफ झेलणाऱ्या भांड्यात, उतरते. भपका ज्या थंड पाण्यात बुडवलेला असतो ते वेळेवर बदलले नाही, तर सुवास वाफेबरोबर निघून जातो.

अस्सल तेल साधारण २० अंशांखाली गोठू लागते. कुपीत सुयांसारखे स्फटिक दिसतात आणि मुठीत धरताच विरघळतात. पण एवढ्यावर भरवसा नको, कारण भेसळ करणारे मेणही घालतात. भेसळीला रोशा गवताचे किंवा जिरेनियमचे तेल वापरतात. दोन्हींत जिरॅनिऑल हे गुलाबासारख्या वासाचे द्रव्य असल्याने नाक फसते. खात्री गॅस क्रोमॅटोग्राफीनेच, म्हणजे घटक वेगळे करून मोजणाऱ्या प्रयोगशाळेतल्या तपासणीनेच, होते.

गुलाबजल रंगहीन असते. गुलाबी दिसले तर रंग घातलेला आहे. पाकळ्या उकळून गाळलेले पाणी म्हणजे काढा, गुलाबजल नव्हे. तो दोन-चार दिवसांत नासतो. परिरक्षक नसलेले गुलाबजल उघडल्यावर फ्रिजमध्ये ठेवावे आणि त्यात तंतू दिसले की फेकून द्यावे. निर्जंतुक नसलेले डोळ्यांत घालू नये.