रेषेचा चढ
निर्देशक भूमितीत रेषेचा तिरपेपणा सांगणारी संख्या. रेषेवरून उजवीकडे एक एकक सरकले असता उंची किती एककांनी बदलते, ते चढावरून कळते. (क्ष₁, य₁) आणि (क्ष₂, य₂) हे दोन भिन्न बिंदू दिले असतील, तर

चढ म = (य₂ − य₁) ÷ (क्ष₂ − क्ष₁)

उदाहरणार्थ, अ(−२, ५) आणि ब(४, −४) घेऊ. य-निर्देशकांतील फरक −४ − ५ = −९, क्ष-निर्देशकांतील फरक ४ − (−२) = ६; म्हणून चढ −३/२. तो ऋण आहे, अर्थात रेषा उजवीकडे उतरत जाते. पहिला बिंदू कोणता मानायचा याला बंधन नाही: अदलाबदल केली की अंश आणि छेद दोघांचीही चिन्हे पालटतात, भागाकार तोच राहतो. अंशात एक क्रम आणि छेदात दुसरा, ही सरमिसळ मात्र चालत नाही.

सूत्र पाठ होते, पण ते का चालते हे बहुधा मागे राहते. रेषेवरच्या कोणत्याही दोन बिंदूंमधून अक्षांना समांतर रेषा काढून काटकोन त्रिकोण तयार केला, तर असे सगळे त्रिकोण समरूप असतात. त्यामुळे उभ्या आणि आडव्या बाजूंचे गुणोत्तर बदलत नाही. म्हणूनच चढ रेषेचा असतो, निवडलेल्या बिंदूंचा नसतो. तीन बिंदू एकरेषीय आहेत का, याची कसोटीही यातूनच मिळते. वरील उदाहरणात क(८, −१०) घेतल्यास ब ते क चढ −६/४, म्हणजे पुन्हा −३/२. तिन्ही बिंदू एकाच रेषेवर आहेत. वक्राला हे लागू नाही. य = क्ष² या परवलयावर (०, ०) आणि (१, १) यांमधील चढ १ येतो, तर (१, १) आणि (२, ४) यांमधील ३. दुसरा बिंदू पहिल्याजवळ आणत गेल्यास हा चढ स्पर्शिकेच्या चढाकडे झुकतो. विकलनाची, म्हणजे वक्राचा एखाद्या बिंदूपाशी चढ काढण्याच्या गणिताची, सुरुवात इथेच होते.

आडव्या रेषेचा चढ शून्य. (३, १) आणि (३, ७) यांतून जाणाऱ्या उभ्या रेषेत छेद शून्य होतो, म्हणून तिचा चढ ठरवता येत नाही. त्याला ‘अनंत’ म्हणणे सैलपणाचे आहे, कारण रेषा एका बाजूने उभी होत गेली तर चढ धन दिशेने अमर्याद वाढतो, दुसऱ्या बाजूने ऋण दिशेने.

बिंदू मोजमापातून आलेले असतील, तर ते एकमेकांपासून शक्य तितके लांबचे घ्यावेत. जवळच्या बिंदूंत मोजणीतील किरकोळ चूकही चढ बराच बदलते. बिंदू पुष्कळ असून नेमके एका रेषेवर नसतील, तर फ्रेंच गणितज्ञ लजांद्र यांनी १८०५ मध्ये प्रसिद्ध केलेली लघुतम वर्गांची पद्धत वापरतात; तीत बिंदूंच्या रेषेपासूनच्या उभ्या अंतरांच्या वर्गांची बेरीज सर्वात कमी येईल अशी रेषा निवडतात.