मर्क्युरी, सोडियम, मेटल हॅलाइड: कोणता दिवा कुठे लावावा

दिवा मागताना बहुतेक ग्राहक फक्त वॅट सांगतात. आम्ही मात्र आधी दोन गोष्टी विचारतो: दिव्याखाली काम कोणते चालणार, आणि फिटिंगमध्ये सध्या चोक (दिव्याचा विजेचा प्रवाह आवरणारा भाग) कोणता आहे? 400 वॅटचे तीन दिवे तीन वेगळ्या जातींचे असू शकतात. होल्डरमध्ये बसला म्हणजे दिवा जुळला, असे होत नाही. येताना चोकवरच्या लेबलचा फोटो आणलात तर चूक होणार नाही.

या दिव्यांमध्ये तापणारी तार नसते. बाहेरच्या काचेच्या आत एक लहान नळी असते, तिला आर्क ट्यूब म्हणतात. नळीच्या दोन टोकांमध्ये विजेचा आर्क पेटतो आणि त्याच्या उष्णतेने आतला पारा, सोडियम किंवा धातूंचे क्षार वाफ होऊन उजळतात. वाफ तयार व्हायला वेळ लागतो, म्हणून पूर्ण प्रकाश यायला काही मिनिटे जातात. आर्क एकदा पेटला की प्रवाह वाढतच जातो. त्याला आवर घालायचे काम चोकचे. सोडियम आणि बहुतेक मेटल हॅलाइड दिव्यांना पेटवण्यासाठी काही हजार व्होल्टचा झटका लागतो, तो इग्नायटर देतो. दिवा लागत नसेल तर आधी इग्नायटर तपासा; अनेकदा दिवा चांगलाच असतो.

मर्क्युरी दिवा यातला सर्वांत जुना. प्रकाश निळसर-हिरवा, आणि एका वॅटला साधारण 40 ते 60 ल्युमेन (ल्युमेन म्हणजे प्रकाश मोजायचे एकक). तो सहसा एकदम जात नाही, पण प्रकाश कमी होत राहतो आणि वीज तेवढीच जळते. दिवा लागतोय म्हणून लोक तो वर्षानुवर्षे तसाच ठेवतात आणि खाली अंधुक उजेडात काम करतात. पाऱ्यासंबंधीच्या मिनामाता करारात सामान्य प्रकाशासाठीच्या या दिव्यांचे उत्पादन आणि आयात-निर्यात थांबवण्यासाठी 2020 ची मुदत होती. नव्या कामासाठी आम्ही हा दिवा सुचवत नाही.

सोडियम दिव्याचा प्रकाश सोनेरी पिवळा. मोठ्या वॅटमध्ये एका वॅटला 100 ल्युमेनच्या वर मिळतात आणि आयुष्य सुमारे 24,000 तास असते. तापलेले सोडियम क्वार्ट्झ (उष्णता सोसणारी काच) खाऊन टाकते, म्हणून त्याची आतली नळी अ‍ॅल्युमिनाच्या सिरॅमिकची असते. रस्ते, आवार, पार्किंग, मालाचे यार्ड अशा ठिकाणी तो उत्तम. पण रंग ओळखण्यात अगदी कच्चा: रंगदर्शकता 100 पैकी 25 च्या आसपास. कापड, रंगकाम किंवा वायरिंग जिथे पाहायचे आहे तिथे तो कृपया लावू नका. जुना झालेला सोडियम दिवा लागतो, विझतो, थंड झाला की पुन्हा लागतो. असे होऊ लागले की लगेच बदला, नाहीतर इग्नायटरवरही ताण येतो.

मेटल हॅलाइडचा प्रकाश पांढरा आणि रंगदर्शकता साधारण 65 ते 90. मैदाने, कारखान्याचे उंच शेड, शोरूम, छपाई यांसाठी तो योग्य. रंग अचूक हवे असतील तर सिरॅमिक नळीचा घ्या. क्षणभर वीज गेली तरी तो विझतो, आणि पुन्हा पेटायला 10 ते 20 मिनिटे लागू शकतात. हा बिघाड नाही. तापलेल्या नळीतला दाब उतरावा लागतो. जिथे माणसे जमतात तिथे सोबत लगेच लागणारे दिवे हवेतच.

याच दिव्याबद्दल आमचा सर्वांत जास्त आग्रह आहे. आयुष्य संपत आल्यावर त्याची आतली नळी फुटू शकते. संरक्षित नळीचा (आतल्या नळीभोवती जादा संरक्षक आवरण असलेला) दिवा नसेल तर फिटिंगला पुढची काच हवीच. दिवसरात्र चालणारा दिवा आठवड्यातून एकदा किमान 15 मिनिटे बंद ठेवा, म्हणजे कमजोर झालेला दिवा चालू होताना सापडतो. आणि मर्क्युरी किंवा मेटल हॅलाइडची बाहेरची काच फुटूनही आतली नळी जळत राहिली, तर तिथून निघणाऱ्या अतिनील किरणांनी डोळे आणि त्वचा भाजते. ताबडतोब वीज बंद करा, माणसांना दूर करा.

झेनॉन दिवे प्रोजेक्टर आणि वाहनांच्या हेडलाइटमध्ये असतात. प्रोजेक्टरच्या दिव्यात थंड असतानाही मोठा दाब असतो, त्यामुळे चेहऱ्यावर संरक्षक ढाल लावल्याशिवाय तो हाताळू नका.

जुन्या फिटिंगमध्ये एलईडी बसवायचा असेल तर थेट लाइनवर चालणाऱ्या एलईडीसाठी चोक आणि इग्नायटर दोन्ही काढून टाकावे लागतात. इग्नायटर राहिला तर त्याच्या झटक्याने एलईडी जळेल. हे काम इलेक्ट्रिशियनकडूनच करून घ्या.

या बहुतेक दिव्यांत पारा असतो. जळालेला दिवा कचऱ्यात टाकू नका, घातक कचरा घेणाऱ्या केंद्राकडे द्या. फुटलाच तर खिडक्या उघडा, थोडा वेळ खोलीबाहेर थांबा, मग हातमोजे घालून तुकडे जाड पुठ्ठ्याने गोळा करा आणि घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा. व्हॅक्यूम क्लीनर किंवा झाडू वापरू नका, त्याने पारा आणखी पसरतो.