दर्याचं नाव, डोंगराचं झाड

मालदीवच्या किनाऱ्यावर पूर्वी अधूनमधून दोन फाळींचे, अवाढव्य नारळ वाहून येत. त्यांचं झाड मात्र कुणीच पाहिलेलं नव्हतं. मग ते समुद्राच्या तळाशीच उगवत असणार, असं खलाशांनी ठरवून टाकलं. ‘कोको द मेर’, म्हणजे दर्याई नारळ, हे नाव त्यातलंच. १७६८ मध्ये सेशेल्समधल्या प्रालँ बेटावर फ्रेंचांना त्याची झाडं सापडली. शास्त्रीय नावात मात्र मालदीव चिकटलं ते चिकटलंच : लोडोइसिया मालदिविका.

गंमत अशी, की या दर्याई नारळाला पोहताच येत नाही. ताजं बी पाण्यात टाकलं की बुडतं. तरंगतात ती आतून कुजून पोकळ झालेली, म्हणजे मालदीवला पोचत ते नारळ मेलेलेच! त्यामुळे प्रालँ आणि शेजारचं क्युरियूज ही दोन बेटं सोडली, तर हा माड निसर्गतः कुठेच उगवत नाही.

वनस्पतीसृष्टीतलं हे सर्वांत मोठं बी. वीस किलोंच्या घरातलं बी भरायला सहा-सात वर्षं लागतात, आणि तेही निकस मातीत. ही चैन झाडाला परवडते कशी? त्याचं पान बघा. घड्या घातलेल्या प्रचंड पंख्यासारखं. पाऊस पडला की घडीघडीतून पाण्याच्या धारा देठाच्या पन्हळीत उतरतात आणि तिथून खोडावरून थेट बुंध्याशी. वाटेत पानांवर साचलेले परागकण, पाखरांची शिट, पालापाचोळा सगळं धुऊन नेतात. झाड स्वतःच्या मुळाशी स्वतःच खत घालतं म्हणा ना.

बी आईच्या सावलीतच पडतं. पण तिथेच उगवत नाही. त्यातून दोरासारखा जाड कोंब निघतो, जमिनीखालून काही मीटर सरकतो आणि मग त्याच्या टोकाला रोप वर येतं. नारळाची ही नाळच. रोप पुढे कितीतरी महिने तिच्यातून बियातला साठा ओढत राहतं.

बी मात्र एवढा काळ जमिनीवर उघडं पडलेलं असतं, आणि चोरांना हवं असतं तेच. सेशेल्समध्ये परवान्याशिवाय ते विकता किंवा देशाबाहेर नेता येत नाही, व्हाले द मे हे या माडांचं रान १९८३ पासून जागतिक वारसा आहे, तरी चोऱ्या होतातच. नर आणि मादी झाडं वेगळी, आणि मादीला पहिलं फळ धरायलाच दोन-अडीच दशकं लागतात. रानातून उचललेल्या एका नारळाची जागा भरून यायला माणसाचं अर्धं आयुष्य जातं.