घरकामगार-मालक संबंध, नाशिक

धुणी-भांडी, केर-फरशी, पोळ्या किंवा वृद्धांची देखभाल करणाऱ्या स्त्रिया आणि त्यांना कामावर ठेवणारी कुटुंबे यांच्यातील व्यवहार, व कामगार कायद्यांमुळे त्यात झालेले बदल. नाशिकमध्ये गंगापूर रोड, कॉलेज रोड, इंदिरानगर या भागांत एकेक बाई दिवसाला अनेक घरे करते.

बदलाचा आरंभ कोठे मानावा याविषयी मतभेद आहेत. काही अभ्यासक तो ‘महाराष्ट्र घरेलू कामगार कल्याण मंडळ अधिनियम, २००८’ पासून धरतात, तर काही पुण्यातील मोलकरणींच्या १९८० च्या सुमाराच्या संपापर्यंत मागे जातात. दुसरे मत अधिक ग्राह्य वाटते. कारण भरपगारी सुट्टी व दिवाळीचा बोनस या मागण्या चळवळीने रुजवल्या, अधिनियमाने नव्हे. अधिनियमात नोंदणी (वय १८ ते ६०) व कल्याणकारी लाभ आहेत; वेतनदर नाहीत.

औद्योगिक विवाद कायद्यानुसार खाजगी घर ‘उद्योग’ ठरते का, हा प्रश्न किचकट आहे. बंगलोर पाणीपुरवठा खटल्यात (१९७८) सर्वोच्च न्यायालयाने उद्योगाची व्याख्या रुंदावली. त्या कायद्याच्या १९८२ च्या दुरुस्तीत घरगुती सेवा वगळली गेली. मात्र ती सुधारित व्याख्या अमलातच आली नाही. औद्योगिक संबंध संहिता, २०२० (अंमल २१ नोव्हेंबर २०२५) हिने ती सेवा पुन्हा स्पष्टपणे वगळली. याउलट लैंगिक छळ प्रतिबंधक कायदा, २०१३ घरालाही कामाचे ठिकाण मानतो. घरकामगार स्त्रीची तक्रार जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जाते आणि प्रथमदर्शनी तथ्य आढळल्यास समितीने ती सात दिवसांत पोलिसांकडे पाठवायची असते. म्हणजे छळाविरुद्ध दाद आहे, पण अचानक काम सुटल्यास औद्योगिक कायद्याचा आधार नाही. ही विसंगती अन्यायाची आहे.

त्यामुळे खाडे कापणे, उचल फेडणे, गावी गेल्यावर बदली बाई देणे हे सारे आजही स्वयंपाकघराच्या दारातच ठरते. कायदा घरात शिरतो तो मुख्यतः एका कागदाने: नोंदणीसाठी लागणारा मालकाचा दाखला. आपल्यावर काही देणे येईल या भीतीने सही टाळली जाते. वास्तविक अधिनियमाने मालकावर किमान वेतनाचे बंधन घातलेले नाही. सही न मिळण्याची किंमत मोठी असते. २०२१ च्या निर्बंधकाळात राज्याचे १,५०० रुपयांचे साहाय्य नोंदीत घरकामगारांसाठीच होते.

आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या १८९ व्या करारास (२०११) भारताने अद्याप मान्यता दिलेली नाही. स्वतंत्र कायद्याची शक्यता तपासण्यासाठी समिती नेमण्याचा निर्देश सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२५ मध्ये केंद्राला दिला.