फोटो-संपादनाचे सॉफ्टवेअर: विकत, भाड्याने की मोफत? एका निवडीची पार्श्वभूमी

गोव्यात डिचोली तालुक्यातील शिरगावच्या लइराई देवीच्या जत्रेत उत्तररात्री धोंड (व्रतस्थ भक्त) होमकुंडाच्या निखाऱ्यांवरून जातात, तेव्हा निखाऱ्यांच्या उजेडात टिपलेले छायाचित्र कॅमेऱ्यातून जसेच्या तसे क्वचितच छापण्याजोगे निघते. काळोखात ठिपक्यांसारखे दाणे उमटतात, निखारे पांढरे पडतात, चेहरे लालभडक होतात. असे छायाचित्र सावरण्यासाठी संपादनाचे सॉफ्टवेअर लागतेच. गोव्यात लग्ने, जत्रा आणि शिगमो यांची छायाचित्रे काढत शिकणाऱ्या मुलामुलींचा पहिला प्रश्न असतो तो परवडणारे सॉफ्टवेअर कोणते, हा. ‘परवडणारे’ या शब्दाचा अर्थ गेल्या तीस-पस्तीस वर्षांत दोनदा पालटला असल्यामुळे तो इतिहास ठाऊक असणे उपयोगाचे ठरते.

थॉमस नोल या मिशिगन विद्यापीठातील संशोधक विद्यार्थ्याने १९८७ मध्ये लिहायला घेतलेला संगणक-प्रोग्राम, त्याचा भाऊ जॉन याच्या साथीने वाढत, अडोबी या अमेरिकी कंपनीमार्फत फेब्रुवारी १९९० मध्ये ‘फोटोशॉप’ या नावाने बाजारात आला, तोही केवळ अ‍ॅपलच्या मॅकिंटॉश संगणकासाठी. तेव्हा सॉफ्टवेअर पेटीत मिळे. एकदा पैसे मोजले की ती आवृत्ती कायमची आपली होई. मात्र ही किंमत व्यावसायिक छपाईगृहांना झेपणारी होती. आपल्याकडच्या लहान स्टुडिओंत त्यामुळे बहुधा चोरीची प्रतच चाले आणि ती चूक आहे असे कोणी शिकाऊ माणसाला सांगतही नसे. त्या सवयीमुळे मोफत आणि कायदेशीर पर्यायांकडे आपले लक्ष फार उशिरा गेले, असे मला प्रामाणिकपणे वाटते.

दुसरे वळण कॅमेऱ्यांनी आणले. २००३ मध्ये कॅननचा ३००डी हा कॅमेरा हजार डॉलरांच्या आत आला आणि हौशी हातांत ‘रॉ’ फाइल, म्हणजे कॅमेऱ्याने टिपलेली कच्ची नोंद, पोहोचली. जेपेग या नेहमीच्या आकुंचित फाइलमध्ये प्रत्येक रंगाच्या २५६ पायऱ्या असतात, तर १४ बिटांच्या रॉमध्ये १६,३८४. होमकुंडासारख्या दृश्यात सावलीतला तपशील वर काढता येतो तो या फरकामुळे. परंतु प्रत्येक कंपनीची रॉ फाइल वेगळी असल्याने ती उघडणे हेच कोडे होते. डेव्ह कॉफिन यांनी १९९७ मध्ये सुरू केलेल्या आणि सर्वांसाठी खुल्या ठेवलेल्या ‘डीसीरॉ’ या छोट्या प्रोग्रामने ते मोठ्या प्रमाणात सोडवले आणि पुढची कितीतरी मोफत सॉफ्टवेअर त्याच पायावर उभी राहिली. अडोबीने २००७ मध्ये ‘लाइटरूम’ आणले, ते शेकडो छायाचित्रे एकदम निवडून संपादित करण्यासाठी. लग्नाच्या कामाला ते फोटोशॉपपेक्षा अधिक सोयीचे ठरले.

मे २०१३ मध्ये अडोबीने जाहीर केले की फोटोशॉपच्या नव्या आवृत्त्या यापुढे फक्त वर्गणीने मिळतील. २०१२ ची सीएस६ ही फोटोशॉपची पेटीतली शेवटची आवृत्ती ठरली. लाइटरूमची सहावी आवृत्ती २०१५ मध्ये आली आणि तिथे एकदाच पैसे मोजण्याची ती वाटही थांबली. महिन्याची रक्कम लहान दिसते, हे खरे. परंतु गोव्यात पर्यटनाच्या हंगामावर पोट असलेल्या नवख्या छायाचित्रकाराचे काम पावसाळ्यात मंदावते, सॉफ्टवेअरचे हे भाडे, म्हणजे वर्गणी, मात्र आषाढातही भरावेच लागते. शिवाय वर्गणी थांबवली की लाइटरूमच्या ‘क्लासिक’ रूपात जुनी छायाचित्रे पाहता येतात आणि बाहेर काढता येतात, पण संपादनाचा विभाग बंद होतो. जानेवारी २०२५ मध्ये अडोबीची २० जीबी साठवणुकीची स्वस्त योजना नव्या ग्राहकांसाठी बंद झाली, तेव्हा भाड्याची अट बदलणे आपल्या हातात नसते हेही दिसून आले.

मोफत पर्यायांचा प्रवाह मात्र त्याआधीपासूनच वाहत होता. बर्कली येथील स्पेन्सर किंबल आणि पीटर मॅटिस या विद्यार्थ्यांनी १९९५ मध्ये फोटोशॉपसारखे काम करणारे ‘गिंप’ सुरू केले. रॉसाठीचे ‘रॉथेरपी’ २०१० मध्ये मुक्त परवान्याखाली, म्हणजे कोणालाही वापरता-बदलता येईल असे, आले. २००९ मध्ये जन्मलेले ‘डार्कटेबल’ लाइटरूमच्या कामाला सर्वांत जवळचे, पण विंडोजवर ते २०१७ च्या अखेरीस अधिकृतपणे पोहोचले. ज्यांनी त्याआधी वर्गणी धरली त्यांना दोष देता येत नाही. मूळ चित्राला धक्का न लावता बदल करण्याची सोय गिंपमध्ये तर २०२५ च्या तिसऱ्या आवृत्तीत आली.

वर्गणी आणि मोफत या दोहोंच्या मधोमध ब्रिटनच्या सेरिफ कंपनीचे ‘अफिनिटी फोटो’ २०१५ पासून एकरकमी किमतीला मिळे. कॅनव्हा या ऑनलाइन डिझाइनच्या कंपनीने २०२४ मध्ये ती कंपनी घेतली आणि पुढच्याच वर्षी अफिनिटी मोफत केले. हे मोफत असणे गिंपसारखे नाही, कारण त्याचा स्रोत (मूळ संगणक-मजकूर) खुला नाही आणि ते कंपनीच्या मर्जीवर टिकते.

निवड करताना किमतीइतकीच एक तांत्रिक गोष्ट महत्त्वाची आहे. लाइटरूम आणि डार्कटेबल दोन्ही रॉ फाइलला हात न लावता केलेले बदल सूचनांच्या रूपात वेगळे ठेवतात, पण एकाच्या सूचना दुसऱ्याला जवळजवळ वाचता येत नाहीत. छायाचित्रांना दिलेली तारांकने आणि शोधशब्द नव्या घरी, म्हणजे नव्या सॉफ्टवेअरमध्ये, येतात. सावल्या, रंग आणि दाण्यांवर घेतलेले कष्ट बहुतांशी जुन्याच घरी राहतात. म्हणून जत्रेची निवडक छायाचित्रे १६ बिटांच्या टिफ या सर्वत्र उघडणाऱ्या फाइलमध्ये काढून मूळ रॉसोबत वेगळ्या डिस्कवर ठेवली, तर पुढे सॉफ्टवेअर कोणतेही बदलले तरी ती उघडतात.