‘जनरल ॲव्हरेज’ : पोचलेल्या मालावरची वर्गणी (पार्श्वभूमी)

बेळगावच्या उद्यमबागेतून कास्टिंगची लाकडी खोकी निघतात, निपाणी-कोल्हापूरमार्गे न्हावा शेवा बंदराला जातात. कंटेनर जहाजावर चढला की आपल्याकडचा फाउंड्रीवाला विषय संपला असे धरतो. मग एखाद्या दिवशी परदेशातल्या ग्राहकाचा निरोप येतो : जहाजाने ‘जनरल ॲव्हरेज’ जाहीर केले आहे, वाटा भरण्याचा लेखी करार (बाँड) आणि विमा कंपनीची हमी दिल्याशिवाय माल सुटणार नाही.

हा शब्द ‘सरासरी’ असा वाचला की घोटाळा होतो. इथे ‘ॲव्हरेज’ म्हणजे समुद्रावरचे नुकसान. ते वाटून घेता घेताच इंग्रजीत त्याला गणितातला अर्थ चिकटला. जहाज आणि माल दोन्ही धोक्यात असताना सर्वांच्या बचावासाठी जाणूनबुजून काही गमावले किंवा जादा खर्च केला, तर जहाजमालक आणि ज्यांचा माल वाचला ते सगळे आपापल्या मोलाच्या प्रमाणात तो सोसतात. रोमन काळापासूनचे हे तत्त्व १८९० मध्ये यॉर्क-अँटवर्प नियमांत बांधले गेले. ताजी आवृत्ती २०१६ ची. बेळगावचा माल बैलगाड्यांनी घाट उतरून वेंगुर्ल्याला जायचा तेव्हाही तत्त्व हेच होते, पण एका गलबतावर वाटेकरी मोजके असत.

खरा वाद खर्च कोणता धरायचा याचा. जानेवारी २००९ मध्ये एडनच्या आखातात सोमाली चाच्यांनी रसायने नेणारे एक जहाज पकडले. मागणी ६० लाख डॉलरची होती. ५१ दिवस घासाघीस होऊन साडेअठरा लाखांवर सुटका झाली. खंडणीत मालवाल्यांचा वाटा आलाच. पण त्या ५१ दिवसांतले खलाशांचे पगार, जेवणखाण, इंधन? जहाजमालक म्हणाला, घासाघीस केली म्हणून तुमचेही पैसे वाचले. मालवाले म्हणाले, पगार तर तुला एरवीही द्यावेच लागले असते. लंडनमध्ये पहिल्या न्यायालयाने मालकाची बाजू घेतली, अपिलात मालवाले जिंकले आणि २०१७ मध्ये ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाने चार विरुद्ध एक मतांनी पुन्हा मालकाच्या बाजूने कौल दिला. तर्क बिनचूक असेल. खिसा मात्र ज्याला वाटाघाटीत तोंड उघडायला मिळाले नाही त्याचा हलका झाला.

मार्च २०२१ मध्ये सुएझमध्ये अडकलेले ‘एव्हर गिव्हन’ सहा दिवसांत मोकळे झाले, पण कालव्याच्या भरपाईच्या दाव्यामुळे ७ जुलैपर्यंत तिथेच रोखले गेले. सुमारे १८,३०० कंटेनर, म्हणजे तितका लांबलचक हिशेब. मार्च २०२४ मध्ये बाल्टिमोरचा पूल पाडणाऱ्या जहाजानेही जनरल ॲव्हरेजच जाहीर केले. नोव्हेंबर २०२३ पासून तांबड्या समुद्रातल्या हल्ल्यांमुळे अनेक जहाजे आफ्रिकेला वळसा घालू लागली. त्या वळशापोटी लावलेला अधिभार म्हणजे जनरल ॲव्हरेज नव्हे. तो भाड्याचा भाग. बिलावर दोन्ही आकडे परकेच दिसतात, म्हणून गल्लत होते.

आपल्याकडे १८५६ चा बिल ऑफ लेडिंगचा (जहाजावर चढवलेल्या मालाच्या पावतीचा) आणि १९२५ चा सागरी मालवाहतुकीचा, असे दोन्ही कायदे २०२५ मध्ये बदलले. या वर्गणीचे तत्त्व मात्र १९६३ च्या सागरी विमा कायद्यात आहे तसेच आहे.

एफओबी (‘फ्री ऑन बोर्ड’) अटीवर, म्हणजे जहाजावर चढवून देण्यापुरती जबाबदारी घेऊन, विकणारा म्हणतो, जहाजावर चढल्यानंतरची जोखीम ग्राहकाची. कागदावर ते खरे. पण पैसे माल पोचल्यावर मिळणार असतील आणि ग्राहकाने विमाच उतरवला नसेल, तर रोख अनामत भरेपर्यंत कंटेनर बंदरातच राहतो. गणपतीच्या वर्गणीला निदान ‘पुढच्या वर्षी बघू’ म्हणता येते.